सिस्टरच्या टेबलावरचं काम

श्रोतेहो, आमच्या भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. उत्तम माग चालवणारा कारागीर आणि कारखान्याचा हिशेब-कारभार पाहणारा मेहता, ही दोन वेगळी कसबं आहेत. रुग्णालयात मात्र हे आपण विसरतो. वीस वर्षं उत्तम शुश्रूषा केली, आता वॉर्ड सांभाळा, असं म्हणून किल्ल्या हाती देतो.

सरकारी रुग्णालयातल्या पायऱ्या पाहा. अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स. मग परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. त्यावर सहायक अधिसेविका आणि अधिसेविका, म्हणजे आपली मेट्रन. नाव बदलतं तसं कामही बदलतं. काल इंजेक्शन देणारी बाई आज पाळ्या लावते, औषधांचा साठा मोजते, नातेवाइकांची समजूत घालते, वरिष्ठांना पत्रं लिहिते.

भिवंडीसारख्या गावात तर हे काम अधिकच अवघड. एका वॉर्डात मराठी, उर्दू, तेलुगू, भोजपुरी बोलणारे रुग्ण. मागावरची बारा तासांची पाळी सुटली की भेटायला येणाऱ्यांची गर्दी. रमजानमध्ये रोजा असलेल्या नर्सची पाळी आणि गणपतीला गावी जाणाऱ्या नर्सची रजा एकाच तक्त्यावर बसवायची, आणि रात्री वॉर्ड उघडा पडू द्यायचा नाही.

याचं शिक्षण आहे. देशात नर्सिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम दिल्लीत १९५९ साली सुरू झाला. मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ पासून आहे, आणि नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून. एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं असतं आणि त्यात नर्सिंग व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय असतो. मनुष्यबळ, अंदाजपत्रक, साठा, कामाचा दर्जा हे सारं त्यात येतं.

‘अनुभव हाच गुरू’ असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण अनुभव आपला वॉर्ड ओळखायला शिकवतो. अंदाजपत्रक वाचायला नाही. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगतं, सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक नर्स, आणि रजांसाठी ३० टक्के जादा. ‘माणसं कमी पडतात’ ही झाली तक्रार. खाटा, पाळ्या आणि रजा यांचं गणित मांडून जागा मागणं हा झाला कारभार. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं हेच केलं. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगांनी जास्त सैनिक मेले, हे तिनं १८५८ साली आकृती काढून दाखवलं. दिव्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो, आकड्यांची सांगत नाही.

अडचण वेगळीच आहे. जीएनएमची तीन वर्षं, पोस्ट बेसिक पदवीची दोन, मग एम.एस्सी.ची दोन. घर, मुलं, पगार सांभाळून हे कसं जमावं? आणि शिकून आलेली बहुधा कॉलेजात शिकवायला जाते; वॉर्ड तसाच राहतो. म्हणून रुग्णालय चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. अनुभवी नर्सला पगारी रजा देऊन शिकायला पाठवा, आणि परतल्यावर तिला वॉर्डाच्या निर्णयात अधिकार द्या.

आणि श्रोतेहो, वॉर्डात सिस्टर टेबलाशी लिहीत बसलेली दिसली, तर ‘ही नुसती बसून आहे’ असं म्हणू नका. उद्या रात्री तुमच्या माणसाच्या उशाशी कोण असेल, हे ती ठरवत असेल.