तपासाच्या गोष्टीत मेलेला कुठाय?

दोस्तांनो, रिटायर झालेले पोलीस अधिकारी आपल्या गाजलेल्या केसेस सांगतात. लोक चवीनं वाचतात. आपणही वाचायच्या, पण मेलेल्याच्या बाजूनं.

१९६८ची मुंबई घ्या. उपनगरांत फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेली माणसं डोकी ठेचून मारली जात होती. ऑगस्टमध्ये फौजदार ॲलेक्स फियालोंनी रमण राघवला ओळखून पकडलं. रमाकांत कुलकर्णींनी तपास चालवला, पुढं आपल्या केसेसवर पुस्तक लिहिलं. रमणनं कोंबडी खाऊन कबुली दिली, हे पोरासोरांना पाठ. २०१६ला त्याच्या नावाचा सिनेमाही निघाला.

आता मेलेल्यांतल्या एकाचं नाव सांगा.

गप्प झालात ना? खुनी सापडला, फाईल बंद. पण माणसाला बिनदाराचं झोपावं लागतं, हा गुन्हा कुठल्याच कलमात बसला नाही. ती फाईल आपण उघडायची.