संघ बदलणाऱ्या ड्रायव्हरची शिदोरी



फॉर्म्युला वनमधला मोठा इंजिनिअर संघ सोडतो, तेव्हा त्याला बहुतेक वेळा काही महिने घरी बसवतात. डोक्यातली माहिती तेवढ्यात शिळी व्हावी, हा हेतू. ड्रायव्हरचं तसं नाही. लुईस हॅमिल्टन २०२५ पासून फेरारीकडे जाणार, हे फेब्रुवारी २०२४ मध्येच जाहीर झालं; तरी ते अख्खं वर्ष तो मर्सिडीजच चालवत राहिला.

असा ड्रायव्हर सोबत काय नेतो? आराखडे नव्हेत. त्याच्याकडे असते ती जाण. ब्रेक दाबल्यावर चाक कोणत्या क्षणी घसरू लागतं, वळणात शिरताना गाडीची मागची बाजू किती सुटलेली चालते, आणि जिंकणारी गाडी हाताला कशी लागते. नव्या संघाला ही तुलना दुसरीकडून मिळत नाही. अर्थात सवय आडवीही येते. मर्सिडीजमध्ये हॅमिल्टनच्या पायाखाली फ्रेंच बनावटीचे ब्रेक होते, फेरारीत इटलीच्या ब्रेम्बोचे. पायाला पुन्हा शिकावं लागलं.

ही जाण ड्रायव्हरची स्वतःची कमाई आहे, असं मी मानतो. पण १९६१ मध्ये मोटरसायकल शर्यतींत एका रायडरबरोबर याहून बरंच काही गेलं. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन या इंजिनिअरने १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली होती. त्याचं एक मर्म एक्झॉस्ट पाइपच्या आकारात होतं. मधे फुगीर, पुढे निमुळता. इंजिनातून निघालेली दाबाची लाट त्या निमुळत्या भागावर आपटून उलटी फिरते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते.

काडेनच्या हाताखाली तयार झालेला रायडर एर्न्स्ट डेग्नर याला हे सारं आतून ठाऊक होतं. सप्टेंबरमधल्या स्वीडनच्या शर्यतीनंतर तो मायदेशी परतलाच नाही. बायको-मुलं गाडीच्या डिकीत लपून पश्चिम जर्मनीत पोहोचली. डेग्नर जपानला सुझुकीकडे गेला आणि १९६२ मध्ये ५० सीसी गटात जगज्जेता झाला. सुझुकीचं ते पहिलं जगज्जेतेपद.

बर्लिनची भिंत नुकतीच उभी राहिली होती. पूर्व जर्मनीतून कुटुंबासह निसटणाऱ्या माणसाला मी बोल लावणार नाही. पण त्याने सोबत नेलेली विद्या एकट्याची नव्हती, काडेनच्या अनेक वर्षांच्या मेहनतीची होती. त्या काडेनच्या एमझेडला एकही जगज्जेतेपद कधी मिळालं नाही.