दंडाची पावती आणि म्हाताऱ्यांची साक्ष

सातपुड्यातल्या मोलगीत भरलेल्या शिक्षक-लेखकांच्या संमेलनात अध्यक्षांनी स्वागत, आभार आणि दिवंगतांना आदरांजली पाच मिनिटांत आटोपली. प्रथेप्रमाणे साहित्याचा आढावा अपेक्षित होता. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणातल्या, भिली बोलींना वाहिलेल्या १९०७च्या भागाचा त्यांनी उल्लेख केला आणि आढावा तिथेच थांबला. सकाळच्या सत्रातला वाद त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता: शब्दाचा अर्थ कोशात असतो की बोलणाऱ्यात?

अध्यक्षांनी शिक्षकी सांभाळून अनेक वर्षे गावोगावच्या लोकांना वनहक्काचे दावे भरून दिले आहेत. उत्तर त्यांनी तिथूनच काढले.

सातपुड्यात जंगल साफ करून कसलेल्या शेताला नेवाड म्हणतात. सरकारी दप्तरात तोच तुकडा ‘अतिक्रमण’ ठरला. वनखात्याने दंड करावा, पावती फाडावी आणि कसणाऱ्याने ती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवावी, असे चालले. मग २००६चा वनहक्क कायदा झाला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली संसदेने त्याच्या प्रस्तावनेतच दिली. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन ताब्यात आहे, एवढे दाखवायचे होते. पेट्या उघडल्या. जो कागद गुन्ह्याचा होता, तोच ताब्याचा पुरावा झाला. पावतीवरचे एक अक्षरही बदलले नव्हते. बदलले होते ते तिच्याकडे बघणारे.

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांचा आवाज मात्र इथून चढला. ज्यांना पावतीच मिळाली नाही, त्यांचे काय?

कायद्याच्या २००८च्या नियमांत त्याची सोय आहे. तेराव्या नियमानुसार दावेदाराखेरीज इतर ज्येष्ठांचे म्हणणे लिहून घेतले, तर तोही पुरावा. बांध, विहीर, स्मशान, देवस्थान हेही पुरावेच. २०१२च्या दुरुस्तीने तर विशिष्ट कागदाचाच हट्ट दावे तपासणाऱ्या समित्यांनी धरू नये, असे बजावले. तरी काय घडते, हे सांगायला अध्यक्षांनी एका म्हातारीची गोष्ट काढली. ती शेजाऱ्याच्या दाव्यासाठी भिलीत बोलली होती. बहात्तरच्या दुष्काळाआधी हे शेत निघाले, त्या साली तिचा थोरला पोटात होता, बांधावरचा मोह तेव्हा कमरेइतका होता. ग्रामसभेत बसलेल्या प्रत्येकाला साल कळले. कागदावर मराठीत उतरले ते इतकेच: ‘अर्जदार बऱ्याच वर्षांपासून जमीन कसत आहे.’ दावा परत आला. शेरा होता, पुरावा अपुरा.

ही सल त्यांनी कित्येक वर्षे मनात ठेवली होती. म्हातारीच्या बोलण्यात अर्थ कमी नव्हता, लिहिणाऱ्याने तो बाहेर ठेवला, असे ते मेजावर हात आपटून म्हणाले. अर्थ माणसांपाशीच असेल तर कायदा टिकेल कशावर, असे एका कोशकार मित्राने त्यांना विचारले होते. हा आक्षेप हलका नाही. पण कायद्यानेच ज्येष्ठांना साक्षीला बसवले आहे, हे अध्यक्षांचे उत्तर जास्त वजनदार वाटते.

यापुढे साक्ष बोलणाऱ्याच्या भिलीत किंवा पावरीत, देवनागरी लिपीत उतरवावी आणि शेजारी मराठी द्यावी, असे त्यांनी सुचवले. अक्कलकुवा आणि धडगावच्या शिक्षकांनी ऐंशी ओलांडलेल्यांपासून सुरुवात करावी. या साक्षींच्या वह्या कुठे ठेवायच्या, भिली-पावरीच्या उच्चारांसाठी कोणती चिन्हे वापरायची, खर्च कोण करणार, हे दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरेल.