ख्रिस्ती घरातून धम्माकडे
(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत मोठमोठे विद्वान बोलून गेले. मी विद्वान नाही, शाळामास्तर होतो. पण कार्यवाहांनी आग्रह धरला की, "सर, तुम्ही ख्रिस्ती घरात जन्मलात आणि बौद्ध झालात, त्यावर बोला. आमची मुले जन्मानेच बौद्ध आहेत, त्यांना हे ऐकू द्या." म्हणून उभा आहे.

आमचे गाव त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशनची माणसे नगरला १८३१ साली आली. पुढे दुष्काळात याच मिशनऱ्यांनी अन्न दिले, पोरकी मुले सांभाळली आणि महारवाड्या-मांगवाड्यांत शाळा काढल्या. माझ्या आजोबांनी १९०० च्या दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेतला. "भाकरीसाठी धर्म बदलला" असे त्यांना गाव म्हणे. म्हणू द्या. उपाशी माणसाला भाकरी देणे हा काही लहान धर्म नव्हे, आणि ज्यांनी हिणवले त्यांच्या घरातून भाकर आली नव्हती, एवढेच मी म्हणेन.

वडील मिशन शाळेत मास्तर. घर दोन खणांचे, शेणाने सारवलेले. भिंतीवर येशूचे चित्र, फळीवर शास्त्राचे पुस्तक आणि 'उपासना संगीत'. रेव्हरंड टिळकांची भजने आईला तोंडपाठ होती. जात्यावर ती तीच म्हणायची. माझे मराठी काही बरे असेल तर ते त्या भजनांमुळे आणि शुभवर्तमानाच्या मोठ्याने वाचनामुळे. अक्षर, स्वच्छता, वेळेवर येणे, आजाऱ्याला भेटायला जाणे हे सगळे मी तिथे शिकलो. महात्मा जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, हे आपल्याला ठाऊकच आहे. ज्यांना इतरांनी दार लावून घेतले त्यांना मिशनने पाटी-पेन्सिल दिली. हे ऋण जो नाकारतो त्याच्याशी माझे जमत नाही, मग तो आपल्यातला का असेना.

तर मग मी तिथून निघालो का?

एक गोष्ट लहानपणापासून डोळ्यांत खुपत होती. आमच्या उपासनेत सगळे 'बंधू' आणि 'भगिनी' होते. पण बसताना महारांकडून आलेले एका बाजूला आणि मांगांकडून आलेले दुसऱ्या बाजूला. सोयरीक तर नावच नको. माझ्या चुलत बहिणीचे लग्न मोडले ते याच कारणाने. मुलगा ख्रिस्ती, शिकलेला, निर्व्यसनी. पण 'त्यांच्यातला'. मी त्या वेळी अकरावीत होतो. पाळकसाहेबांना विचारले, "प्रभूच्या भोजनाचा पेला एकच आहे ना?" ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "लेकरा, हे समाजाचे आहे, धर्माचे नाही." त्यांचे उत्तर खरेही असेल. पण जातीला हात न लावता राहू देणारा धर्म तिच्याविरुद्ध काय कामाचा, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. आणि गावाच्या लेखी तर आम्ही वाड्यातलेच. पाटलाच्या विहिरीवर बाप्तिस्म्याचा दाखला चालत नव्हता.

पुढे कळले की बाबासाहेबांनी हीच गोष्ट ख्रिस्ती बांधवांना तोंडावर सांगितली होती. १९३८ साली सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे ते बोलले. आपल्यावर छाप पडलेली व्यक्तिमत्त्वे म्हणून त्यांनी तिथे बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांची नावे घेतली. पण अस्पृश्यांतून आलेले ख्रिस्ती आपल्या सामाजिक हक्कांसाठी लढत नाहीत, हेही सुनावले. ते वाचले तेव्हा वाटले, हा माणूस आमच्या उपासनेत मागच्या बाकावर बसून गेला की काय!

नगरला कॉलेजात असताना ग्रंथालयात धर्मानंद कोसंबींचे 'भगवान बुद्ध' हाती लागले. कोसंबी गोव्याचे, सारस्वत ब्राह्मण. बुद्धाच्या शोधात घर सोडून नेपाळपासून श्रीलंका-ब्रह्मदेशापर्यंत हिंडले. त्यानंतर बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला. पण मला खरा धक्का दिला तो बाबासाहेबांच्या चरित्रातल्या चार-दोन ओळींनी. त्या ओळी होत्या लोकनाथ नावाच्या इटालियन भिक्खूविषयी. आपल्याकडे हे नाव फारसे घेतले जात नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

त्यांचे मूळ नाव साल्वातोरे चोफी. जन्म १८९७, दक्षिण इटलीत, नेपल्सच्या बाजूला. त्या भागातून तेव्हा लाखो माणसे पोटासाठी अमेरिकेला जात होती. चोफी कुटुंबही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जाऊन राहिले. घर कडवे कॅथलिक. मुलगा रसायनशास्त्र शिकला आणि त्याच कामावर लागला. निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ वाचता वाचता धम्मपद त्याच्या हाती आले. प्रयोगशाळेत ज्याला प्रत्येक गोष्ट तपासून घ्यायची सवय, त्याला तपासायला मुभा देणारा धर्म भेटला. १९२५ साली ब्रह्मदेशात जाऊन त्याने चीवर धारण केले. पुढे युरोपातून भारताकडे परतताना बराचसा प्रवास भिक्षापात्र घेऊन पायी केला. १९३३ साली सयामहून शंभराच्या आसपास भिक्खू-सामणेर घेऊन ते बुद्धगयेकडे निघाले. त्यांतले फार थोडे शेवटपर्यंत टिकले. माणूस जिद्दी, काहीसा हट्टीही. संघटना चालवण्याचा पिंड नसावा.

हे भन्ते १० जून १९३६ रोजी दादरला राजगृहावर बाबासाहेबांना भेटायला आले. तो काळ लक्षात घ्या. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झालेली. ख्रिस्ती, मुसलमान, शीख, सगळीकडून निमंत्रणे येत होती. मे महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या परिषदेत बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केले आणि त्याचा शेवट बुद्धाने आनंदाला केलेल्या उपदेशाने केला. त्यानंतर दहाच दिवसांत लोकनाथ दारात उभे. पुढे त्यांनी 'बौद्ध धम्म तुम्हाला मुक्त करील' अशा अर्थाच्या नावाची एक इंग्रजी पुस्तिका काढून ती अस्पृश्य वर्गाला अर्पण केली.

काही वक्ते उत्साहात म्हणतात की लोकनाथांनी बाबासाहेबांना बौद्ध केले. हे खरे नाही. बाबासाहेबांना बुद्धचरित्र केळुसकर गुरुजींनी मॅट्रिकनंतर, १९०७-०८ च्या सुमारासच दिले होते. आणि लोकनाथांच्या भेटीनंतर आठच दिवसांनी, १८ जूनला, त्याच राजगृहावर डॉ. मुंज्यांशी शीख धर्माविषयी बोलणी झाली. बाबासाहेब कोणाच्या एका भेटीने हलणारे नव्हते. पुरती वीस वर्षे त्यांनी तपासण्यात घालवली. लोकनाथ स्वतः १९६६ साली ब्रह्मदेशात वारले. मधल्या काळात दुसऱ्या महायुद्धात इटलीचे म्हणून ब्रिटिशांनी त्यांना भारतात नजरकैदेतही ठेवले होते.

मला या माणसाने बळ दिले ते वेगळ्या कारणाने. ख्रिस्ती घरातून उठून, कोणत्याही जमावाशिवाय, एकट्याने कोणी बुद्धाकडे गेले होते, हे त्याच्यामुळे कळले. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोक एकमेकांचा हात धरून आले. माझ्याबरोबर कोणी नव्हते. आमच्या बिरादरीत मी एकटाच.

१९८१ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, मी दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा म्हणताना माझी गंमतच झाली. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही. ते आमच्या घरात तीन पिढ्या कोणी मानलेच नव्हते. श्राद्धपक्ष नाही, पिंडदान नाही. तेही कधी केले नव्हते. माझा घसा दाटला तो नवव्या प्रतिज्ञेला, सर्व माणसे समान आहेत असे मानण्याच्या. लहानपणापासून जी ओळ शोधत होतो ती तिथे प्रतिज्ञा म्हणून होती, मोठ्याने म्हणायची होती आणि पाळायची होती.

अडचण नंतर आली. ती कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. रात्री झोपताना आम्हाला प्रार्थनेची सवय. आता कोणाशी बोलायचे? वर कोणी ऐकणारा आहे हा आधार सुटला की पहिले काही महिने फार ओके वाटतात. एका वृद्ध भन्तेंना मी हे सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "ज्यांच्यासाठी मागत होतास त्यांची नावे तशीच घे. फक्त मागू नकोस, त्यांचे भले चिंत." मैत्रीभावना मी अशी शिकलो. पहिले नाव आईचे असायचे.

नातेवाईक म्हणाले, "सवलतीसाठी बौद्ध झाला." हा आरोप आजही होतो, म्हणून त्याची माहिती विद्यार्थ्यांना हवी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले आणि १९९० साली बौद्ध. महाराष्ट्र शासनाच्या सवलती नवबौद्धांना त्यापूर्वीही मिळत होत्या. ख्रिस्ती झालेल्या दलितांना हा दर्जा नाही. मी दीक्षेआधीच खुल्या जागेवर नोकरीला लागलो होतो आणि दाखला कधी काढला नाही. पण माझे सोडा. माझ्या सख्ख्या बहिणीचे घर आणि माझे घर एकाच वाड्यातले, एकाच आजोबांचे. गावाने दोघांना एकच वागणूक दिली. कायदा मात्र देवळाचे दार पाहून माणूस मोजतो. बौद्धांनी यावर गप्प राहावे असे मला वाटत नाही, मग आपल्या वाट्याचे काय होईल ही भीती कोणी कितीही घालो.

आई मात्र कधी काही बोलली नाही. दीक्षेच्या आदल्या रात्री मी तिच्यापाशी बसलो. माझ्याच डोळ्यांत पाणी. ती म्हणाली, "वाईट करायला चालला नाहीस ना? मग रडतोस कशाला?" ती शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिली. अखेरच्या दुखण्यात तिने मला तेविसावे स्तोत्र वाचायला सांगितले. मी रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून वाचत असे. आपल्याच एका कार्यकर्त्याला हे कळले. तो तावातावाने आला, "तुम्ही बौद्ध आहात की नाही?"

त्याला मी सीह सेनापतीची गोष्ट सांगितली. सीह हा वैशालीचा सेनापती, निगंठांचा, म्हणजे जैन श्रमणांचा उपासक. भगवंताचे म्हणणे ऐकून तो शरण आला. भगवंतांनी काय करावे? इतका मोठा माणूस आपल्याकडे आला म्हणून डांगोरा पिटावा? त्यांनी त्याला आधी सांगितले की नीट विचार कर, तुझ्यासारख्या नामवंताने पूर्ण तपासूनच पाऊल उचलावे. आणि तो ठाम राहिला तेव्हा सांगितले की तुझे घर निगंठांसाठी आजवर पाणवठ्यासारखे होते, ते दारी आले तर त्यांना दान देणे थांबवू नकोस. उपाली गृहपतीलाही त्यांनी हेच सांगितले. नवा उपासक मिळाल्यावर जुन्यांचे पाणी तोडू नका असे सांगणारा शास्ता आहे हा. मग मी माझ्या आईचे स्तोत्र तोडावे काय?

कार्यकर्ता निरुत्तर झाला असे म्हणणार नाही. तो कुरकुरत गेला. पण आईच्या अंत्यविधीला तो कब्रस्तानात सर्वांत आधी हजर होता, आणि माती देताना त्याने डोक्यावरची टोपी काढली होती.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला धम्म घरात मिळाला. फोटो भिंतीवर आहे, वंदना पाठ आहे. मला कित्येकदा तुमचा हेवा वाटतो आणि कित्येकदा काळजी. माझ्या लहानपणी मीही स्तोत्रे अशीच पाठ म्हणत होतो. तपासायला लागलो ते चुलत बहिणीचे लग्न मोडल्यावर. तेव्हा एक प्रश्न विचारतो, उत्तर मला नको, घरी जाऊन द्या. आपल्या वस्तीत परवा पूर्वाश्रमीच्या मातंग घरातला बौद्ध मुलगा एका बौद्ध मुलीला मागणी घालायला आला, तेव्हा काय बोलणे झाले? मी त्या बैठकीला होतो. जे शब्द तिथे निघाले ते मी पूर्वी ऐकलेले होते, आमच्या उपासनेच्या अंगणात. ते लग्न अजून ठरायचे आहे. दोन्ही घरची वडीलमंडळी आज इथे बसलेली आहेत, म्हणून याहून अधिक बोलत नाही.

दर रविवारी दुपारी चार वाजता विहारात आपण सीहाची आणि उपालीची गोष्ट मराठीतून वाचत आहोत. वही-पेन घेऊन यावे, शंका लिहून आणाव्यात. अन्य धर्माचे मित्र यायचे म्हणाले तर अवश्य आणावेत.

जय भीम! नमो बुद्धाय!