वैशालीताईंची २० हजार ६२० मतं

आज निवडणुकीवर बोलायचं आहे, पण जिंकलेल्या माणसाबद्दल नाही. पडलेल्या, डिपॉझिट गेलेल्या एका उमेदवाराबद्दल. राजकारणाचा कंटाळा असेल तरी थोडं थांबा, यात पक्षाचा प्रचार वगैरे काही नाहीये.

आधी भूगोल. मी वाशिम जिल्ह्यातला, मंगरूळपीर तालुक्यातला. १९९८ साली अकोल्यातून वेगळा काढलेला जिल्हा. पुण्यात ऑफिसात कुणी विचारलं तर अजून "अकोल्याच्या खाली" असंच सांगावं लागतं, इलाज नाही. लोकसभेला आमचा जिल्हा एकत्र मतदानसुद्धा करत नाही. रिसोड-मालेगावचा भाग अकोल्याला जोडलेला आणि बाकीचे आम्ही यवतमाळला. मतदारसंघाचं नाव यवतमाळ-वाशिम. एका टोकाला वाशिम, दुसऱ्या टोकाला राळेगाव, मध्ये पुसद, दिग्रस. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता जानेवारी २०१९. यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. मग धमक्या, वाद, आणि आयोजकांनी दिलेलं आमंत्रण मागे घेतलं. केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. महामंडळाच्या अध्यक्षांचा राजीनामा झाला, अनेक साहित्यिकांनी पाठ फिरवली. मग प्रश्न उभा राहिला, उद्घाटन करणार कोण? तर आयोजकांनी कळंब तालुक्यातल्या राजूर गावच्या वैशाली येडे यांना बोलावलं.

वैशालीताई म्हणजे तिशीही न गाठलेली बाई. नवऱ्याने, सुधाकर येडे यांनी, २०११ मध्ये आत्महत्या केली. शेतकरी. मागे दोन लेकरं. त्या अंगणवाडीत काम करायच्या, शिवणकाम करायच्या. 'तेरवं' नावाचं एक नाटक आहे, त्यात आत्महत्याग्रस्त घरांतल्या बायका स्वतःच काम करतात, त्यातही त्या होत्या. म्हणजे स्टेज त्यांना अगदीच नवीन नव्हतं. पण संमेलनाचं उद्घाटन म्हणजे वेगळंच! माइकसमोर उभं राहून त्यांनी साध्या भाषेत सांगितलं, की अडचणीच्या वेळी दिल्लीवाली नाही, गल्लीतलीच बाई कामी येते. शब्द थोडे इकडेतिकडे असतील, अर्थ हाच. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरात त्याच होत्या.

आणि दोन-अडीच महिन्यांनी त्याच बाई लोकसभेच्या उमेदवार! बच्चू कडूंच्या प्रहार जनशक्ती पक्षाने तिकीट दिलं. समोर कोण? शिवसेनेच्या भावना गवळी, चार वेळा निवडून आलेल्या, त्यांचे वडील पुंडलिकराव हेसुद्धा वाशिमचे खासदार राहिलेले. काँग्रेसकडून माणिकराव ठाकरे, प्रदेशाध्यक्षपद भूषवलेले. आणि यांच्या रांगेत अंगणवाडीतल्या ताई, लोकांनी दिलेल्या वर्गणीवर प्रचार करणाऱ्या.

मी तेव्हा बीटेकच्या शेवटच्या वर्षाला. लोकसभेचं पहिलं मतदान. कुणाला दिलं ते नाही सांगणार, मत गुप्त असतं. पण हॉस्टेलवर चर्चा रोज व्हायची आणि ठरलेली असायची. एकजण म्हणायचा, "बाई ग्रेट आहे यार." दुसरा म्हणायचा, "हो, पण मत वाया कशाला घालवायचं?" आणि विषय आयपीएलवर जायचा.

निकाल २३ मे रोजी लागला. भावनाताई १ लाख १७ हजार ९३९ मतांनी जिंकल्या. वैशालीताईंना पडली २० हजार ६२०. एकूण मतांच्या दोन टक्केसुद्धा नाहीत. डिपॉझिट जप्त.

आता या "डिपॉझिट जप्त"वर जरा थांबू, कारण आपल्याकडे ते शिवी दिल्यासारखं वापरतात. लोकसभेला अनामत २५ हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली तरच परत. आमच्याकडे साडेअकरा लाखांच्या वर मतदान झालं, म्हणजे डिपॉझिट वाचवायलाच जवळपास दोन लाख मतं हवीत! तिसऱ्या नंबरवर वंचित बहुजन आघाडीचे उमेदवार होते, त्यांना ९४ हजारांच्या आसपास मतं. त्यांचंही गेलं. वीसहून जास्त उमेदवारांत पहिले दोन सोडले तर एकाचंही वाचलं नाही. तेव्हा डिपॉझिट गेलं यावरून माणूस हास्यास्पद होता असं काही सिद्ध होत नाही.

दुसरं, वेळ. अर्ज मागे घ्यायची मुदत २८ मार्चला संपली आणि मतदान ११ एप्रिलला. प्रचार आदल्या ४८ तासांत बंद. हातात उरले बारा दिवस. बारा दिवसांत सहा विधानसभा मतदारसंघ, तेही विदर्भातल्या उन्हात. ज्यांचे कार्यकर्ते गावोगावी आधीपासून बसलेत त्यांच्यासाठी ते बारा दिवस शेवटचा हात फिरवण्याचे. ज्याचं कुणी नाही त्याच्यासाठी तेवढेच सगळे दिवस. खर्चाची मर्यादा तेव्हा ७० लाख होती. वर्गणीवाल्या उमेदवाराला ती मर्यादा काय उपयोगाची? शिवाय एका मशीनवर नोटा धरून सोळा बटणं बसतात, म्हणजे आमच्याकडे दोन मशीन लागल्या. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्याला दुसरी मशीन कशाला ठेवली हेच कळलं नव्हतं.

ही झाली यंत्रणा. पण मला खरा पेच वेगळा वाटतो, आणि तो आमच्या घरातच आहे.

माझ्या चुलतकाकू. काकांनी आत्महत्या केली त्याला बरीच वर्षं झाली. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्यांत वाशिम आहेच. अशी घरं आमच्याकडे शोधावी लागत नाहीत. काकांचं प्रकरण "अपात्र" ठरलं. शेत सासऱ्यांच्या नावावर, कर्ज गावातल्याच एकाचं, त्याला कागद नाही. त्यामुळे एक लाखाची मदतही नाही. म्हणजे वैशालीताई ज्यांच्याबद्दल बोलत होत्या त्या याच. मी गावी आलो तेव्हा काकूंना विचारलं, "काकू, वैशालीताई माहीत आहेत का?"

"माहीत हाये ना. टीव्हीवर पाह्यली."

"मग त्यांनाच द्याल ना मत?"

काकू शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाई चांगली हाये बाप्पा. पण तहसीलीत आपल्यासाठी फोन कोन लावन?"

मी गप्प. कारण गावातल्या ज्या कार्यकर्त्याने त्यांच्या पोराचा शाळेचा दाखला, रेशन कार्ड, विहिरीचा अर्ज हे सगळं करून दिलं होतं, तो मोठ्या पक्षाचा होता. काकूंना विचार नव्हता पटला असं नाही. त्यांचा हिशोब वैशालीताईंच्या भाषणातलाच होता! गल्लीतला माणूस कामी येतो. फक्त राजूरची बाई मंगरूळपीरच्या गल्लीतली नव्हती. वाशिमच्या टोकाला तिचा एकही माणूस नव्हता, फोन लावायला.

म्हणून मला "लोक जातीवर मत देतात, लोक अडाणी आहेत" हे ऐकलं की वैताग येतो. जात चालते, आमच्याकडे तर भरपूर चालते. त्या वर्षी पुलवामा-बालाकोटही होतंच. पण काकूंचं उत्तर त्यातलं नव्हतं.

पक्षावर माझा एक आक्षेप आहे, तो सांगतो. संमेलनात गाजलेला चेहरा उचलून थेट लोकसभेला उभा करायचा, हे मला पटलेलं नाही. आधी दोन वर्षं तालुक्या-तालुक्यात बायकांची बांधणी केली असती, सातबाऱ्यावर विधवा सुनेचं नाव चढवायला तलाठ्याकडे सोबत गेले असते, तर काकूंनी तो प्रश्न विचारला नसता. पण याचा दोष मी उभं राहणाऱ्या बाईवर टाकणार नाही. संधी समोर आली, तिने घेतली. आपण किती जण घेऊ?

आणि न जिंकता काही होतच नाही, हेही खरं नाही. त्याच दिवशी, ११ एप्रिल २०१९ ला, शेजारच्या तेलंगणात निजामाबादला काय झालं बघा. हळदीला आणि लाल ज्वारीला भाव मिळेना म्हणून १७० हून जास्त शेतकऱ्यांनी एकाच मतदारसंघात अर्ज भरले. एकूण उमेदवार १८५! आयोगाला मशीनची वेगळी व्यवस्था करावी लागली. समोर मुख्यमंत्र्यांची मुलगी, के. कविता. शेतकऱ्यांतला एकही निवडून आला नाही, पण कविता पडल्या. त्यांची मागणी होती हळद बोर्डाची. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद बोर्ड सुरू झालं, मुख्यालय निजामाबाद. आता बोर्डाचं श्रेय घ्यायला बरेच जण आहेत, ते असो. आमच्या रिसोडकडचा हळदवाला शेतकरी मात्र ती गोष्ट अजून सांगतो. फरक एवढाच की तिथे पावणेदोनशे जण एकत्र उभे राहिले आणि आमच्याकडे एकच बाई.

काकूंचं पुढे विचाराल तर, शेतात वारसाहक्काने त्यांचं नाव लागावं म्हणून फेरफाराचा अर्ज मी त्यांच्यासोबत जाऊन दिलाय. दोन हेलपाटे झालेत. दिरांची सही बाकी आहे आणि ते टाळतायत. गावात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, मागच्या वेळी काकूंना कुणीतरी गंमत म्हणून म्हटलं, "उभ्या राहा ना." सगळे हसले. काकू नाही हसल्या. मला नंतर एकटं गाठून विचारलं, "फारम भराले काय काय कागद लागते रे?"

यादी मी त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवली आहे. तुमच्या गावात कुणी असं अनपेक्षित उभं राहिलं असेल, पडलं असेल तरी, तर कळवा. पुढच्या भागात त्यातल्या एकदोघांशी बोलायचा विचार आहे. भेटू.