जीवशास्त्राचे मूळ धडे आणि आपला समाज
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, नागपूर येथे केलेले भाषण)



‘विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असे काही सांगा’, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस केली. आम्ही विद्वान नव्हे. जन्मभर खडू झिजविलेले एक साधे शिक्षक. तेव्हा शालेय जीवशास्त्राच्या चार मूळ धड्यांची उजळणी करावी, एवढाच आमचा हेतू. मात्र ही उजळणी परीक्षेकरिता नाही. विदर्भातील अनेक समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सिकलसेल आजार या चार धड्यांवाचून उमजत नाही, म्हणून ती करावयाची.

पहिला धडा पेशीचा. रक्तातील तांबडी पेशी ही दोन्ही बाजूंनी खोलगट अशी वाटोळी चकती होय. ती मऊ व लवचिक असल्यामुळे अतिसूक्ष्म केशवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते आणि सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहून नेण्याचे काम करते. सिकलसेलच्या रुग्णात हीच पेशी प्राणवायू सोडून देताच विळ्यासारखी वाकते व ताठ होते. अशा पेशी केशवाहिन्यांत अडकून रक्ताची वाट अडवितात. मग हातपाय, पाठ, पोट यांत असह्य कळा येतात. या पेशी १० ते २० दिवसांतच नाश पावतात, म्हणून अंगी रक्त टिकत नाही. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली या वाकड्या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले.

दुसरा धडा असा की, जशी रचना तसे कार्य. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. दोष या प्रथिनातच आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका शोधून काढला. १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असावयाचे, तेथे व्हॅलिन येऊन बसते. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. निसर्गाच्या लेखनातही एका अक्षराने असाच अनर्थ घडतो.

तिसरा धडा आनुवंशिकतेचा, आणि येथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. प्रत्येक गुणाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून. एकच प्रत सदोष असेल, तर ती व्यक्ती ‘वाहक’ होय. वाहक हा रुग्ण नव्हे. तो सामान्यतः निरोगी असतो, शेती करतो, नोकरी करतो. दोन्ही प्रती सदोष असतील, तरच आजार. वाहकाचा विवाह निर्दोष व्यक्तीशी झाला, तर संततीत कोणी रुग्ण होत नाही. उभयता वाहक असतील, तर मात्र प्रत्येक अपत्याच्या वेळी आजाराची शक्यता चारात एक असते. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुखरूप’ असा हिशेब कित्येक घरांत मांडला जातो. तो चुकीचा आहे. नाणे मागची फेक लक्षात ठेवीत नाही, तसेच हे. आणि दोष एकट्या सुनेच्या माथी मारणे तर अज्ञानही आहे व अन्यायही. रुग्ण अपत्यास एक प्रत पित्याकडूनही आलेली असते.

चौथा धडा नैसर्गिक निवडीचा. एवढा घातक दोष टिकून का राहिला? अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली त्याचे उत्तर दिले : वाहकास घातक हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते. हिवतापाच्या मुलखात वाहक अधिक जगले, व जनुकही जगले. म्हणजे हा कोणाच्या पापाचा भोग नव्हे. भारतात हा गुण प्रथम १९५२ साली निलगिरीच्या रहिवाशांत आढळला. मध्य भारतातील वाहकांविषयीचे शुक्ला व सोळंकी यांचे टिपण १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले.

आता एक कबुली. आमच्या वर्गात एक मुलगा वारंवार गैरहजर राही. ‘पाय दुखतात’ म्हणे. आम्ही त्यास कामचुकार ठरवून मार्चच्या उन्हात बाहेर उभे केले. पुढे त्याचे वडील दवाखान्याचा कागद घेऊन आले, तेव्हा आम्हांस उमगले की, शरीरातील पाणी आटणे हेच या मुलांच्या कळांचे एक मोठे कारण आहे. त्याच वर्षी आम्ही फळ्यावर मेंडेलच्या वाटाण्यांचे कोष्टक सुबक काढले होते. धडा आम्ही शिकविला होता. शिकलो मात्र नव्हतो.

म्हणून बांधवांनो, या मंडळापुढे काही नम्र सूचना. आपण जातीतच सोयरीक करतो. गोत्र निराळे पाहतो; परंतु गोत्र निराळे म्हणून जनुक निराळे ठरत नाही. तेव्हा मुलामुलींची रक्ततपासणी विवाह ठरण्याच्या पुष्कळ आधी करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी योजिली आहे. तिचा लाभ घ्यावा. प्राथमिक चाचणीत दोष दिसल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करावी, कारण पहिल्या चाचणीने वाहक कोण व रुग्ण कोण हे निश्चित कळत नाही. मात्र आमच्या वधूवर सूचीत हा रकाना छापू नये. छापल्यास वाहक मुलीवर नाहक शिक्का बसेल. पत्रिका जुळविण्यापूर्वी दोन्ही घरांनी एकमेकांस अहवाल दाखवावे, इतके पुरे. उभयता वाहक असून विवाह झालाच असेल, तर गर्भारपणाच्या आरंभीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरी रुग्ण असेल, तर भरपूर पाणी, उन्हातान्हापासून व कडक थंडीपासून जपणूक, तापाकडे त्वरित लक्ष आणि वैद्यकीय सल्ल्याने हायड्रॉक्सियुरिया, यांनी पुष्कळ दिलासा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे, हेही पालकांनी ध्यानी ठेवावे.

आपल्या मंडळाने गुणवंतांचे सत्कार पुष्कळ केले, यापुढेही करावेत. परंतु वर्गात मागच्या बाकावर पाय चोळीत बसलेले मूलही आपलेच आहे. त्याची चौकशी आधी व्हावी, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.