दोन दीनारांच्या पुढचा खर्च

(उपकारस्तुतीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला आधी एक कबुली द्यायची आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावरची पावरा समाजाची मुलगी. आपल्या मदतीवर तिची बारावी झाली, मग चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग झालं. घरात शिकलेली ती पहिलीच. तिला नोकरी लागली तेव्हा याच मंडळीत आपण देवाचे आभार मानले होते. दीड वर्ष नोकरी केल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, मला एम.एस्सी. करायचंय."

मी म्हटलं, "बाळ, आता पुरे. हाताला काम आहे, पगार आहे. धाकट्या भावाकडे बघ. अजून किती शिकशील?"

ती काही बोलली नाही. चहाचा कप विसळून ठेवला आणि निघून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या स्वतःच्या भाचीनं पदवीनंतर पुढे शिकायचं म्हटलं, तेव्हा मी तिला पेढा भरवला होता. मग या मुलीलाच 'पुरे' का म्हटलं? पाड्यावरच्या मुलीनं नर्स होणं हीच मोठी गोष्ट, त्यापुढे तिनं जाऊ नये, असं माझ्या मनात कुठेतरी बसलं होतं. सेवेत इतकी वर्षं काढूनही बसलं होतं.

पुढच्या रविवारी मी तिला भेटायला गेले आणि आधी तिची क्षमा मागितली. मग विचारलं, "तुला का शिकायचंय?" तिनं एका रात्रीची गोष्ट सांगितली. प्रसूतीसाठी आलेली एक पावरा बाई घाबरून ओरडत होती. सगळे तिला मराठीत सांगत होते, आणि तिला काहीच कळत नव्हतं. ही मुलगी जवळ गेली, पावरीत दोन शब्द बोलली, तशी त्या बाईनं तिचा हात घट्ट धरला तो बाळ होईपर्यंत सोडला नाही. "ताई," ती म्हणाली, "मी एकटी किती रात्री ड्युटी करणार? पण मी शिकवायला लागले, तर दरवर्षी वर्गभर मुली हे शिकून बाहेर पडतील."

त्या दिवशी मला कळलं की तिची मागणी पदवीपुरती नव्हतीच. नर्सिंग महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एम.एस्सी. लागतेच. आपल्या मुली रुग्णसेवा करतील, पण ती कशी करायची हे ठरवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या खुर्चीवर त्या कधी बसणारच नाहीत, असं आपण किती दिवस चालू द्यायचं?

पुष्कळ पालक विचारतात, हे शिक्षण असतं तरी कुठे? आपल्या राज्यात त्यासाठी नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. ते कायद्यानं १९९८ साली स्थापन झालेलं सार्वजनिक विद्यापीठ आहे. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी राज्यभरातली महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली आहेत. एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं असतं. बी.एस्सी.नंतर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. मातृ आरोग्य, बाल आरोग्य, सामुदायिक आरोग्य, मानसिक आरोग्य किंवा मोठ्यांचे आजार व शस्त्रक्रिया, यांतला एक विषय घ्यायचा असतो आणि स्वतः अभ्यास करून प्रबंध लिहायचा असतो. आपल्या मुलीनं मातृ आरोग्य घेतलं. पावरी बोलीत, चित्रं दाखवून सांगितलं तर नव्या आयांना बाळाची ऊब आणि स्तनपान यांबद्दल किती नीट कळतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय आहे.

आता खर्चाचं बोलू. सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा आहेत. पण शिष्यवृत्ती मागाहून येते आणि खाणावळीचे पैसे आधी मोजावे लागतात. वसतिगृहाची अनामत, पुस्तकं, गावोगाव फिरण्याचं भाडं, प्रबंधाची छपाई आणि बांधणी, हे सगळं खिशातून. आणि सर्वांत मोठा खर्च कुठल्याच पावतीवर दिसत नाही. नोकरी सोडल्यामुळे घरी जाणारा पगार बंद होतो. आई पुन्हा मजुरीला जाते.

काही जण म्हणतात, इतकी शिकलेली मुलगी पाड्याकडे परत येत नाही. काही येत नाहीत, हे खरं आहे. पण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग आठवा. दोघंही एम.डी., त्यावर अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि १९८६ साली गडचिरोलीत कामाला लागले. तिथे गावातल्याच बायांना त्यांनी नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्यामुळे दगावणाऱ्या बाळांची संख्या किती कमी झाली, हे १९९९ मध्ये जगापुढे आलं. २०११ पासून आशाताई देशभर घरोघरी जाऊन बाळांना पाहतात, त्यामागे गडचिरोलीचाच धडा आहे. मोठं शिक्षण घेतलेलं माणूस गावात आलं म्हणजे काय होतं, ते हे.

प्रभूनं सांगितलेला शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्यानं जखमा बांधल्या, इथवर आपल्याला पाठ असतं. पण तो तिथे थांबला नाही. जखमी माणसाला उतारशाळेत नेलं, रखवालदाराच्या हातात दोन दीनार ठेवले, आणि याहून जास्त लागलं तर तेही परत आल्यावर देईन, असा शब्द दिला. आपल्या शिक्षण निधीचा नियम आहे, पहिली नोकरी लागेपर्यंत मदत. म्हणजे आपले दोन दीनार देऊन झाले. पुढच्या खर्चाचा शब्द मात्र आपण अजून दिलेला नाही.

म्हणून माझी विनंती आहे. हा नियम बदलावा आणि उच्च शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुला-मुलींसाठी दरमहा थोडं अर्पण वेगळं ठेवावं. एका कुटुंबाला जमत नसेल तर चार कुटुंबांनी मिळून एका मुलीची खाणावळ उचलावी. आणि पाड्यांवरच्या पालकांना माझं सांगणं आहे, मूल अकरावी-बारावीत असतानाच जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज करा. त्या एका कागदापायी हातची जागा जाताना मी पाहिली आहे.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिचा फोन आला होता. तिच्या पाड्यावरच्या आणखी दोघी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहेत. त्या तिला विचारतात, "ताईंना आम्ही विचारलं तर त्या काय म्हणतील?"

माझं उत्तर तयार आहे. पण ते मला एकटीनं द्यायचं नाही. आपल्या सर्वांच्या वतीनं द्यायचं आहे.